परसातलं पोकलेन

ऑटो वर्कशॉपच्या दाराशी थांबली आणि मागच्या सीटवर निळा प्लास्टिकचा टब दिसला, की माझ्या अंगातली उरलीसुरली ताकद जायची. टबाला एका हाताने धरून मामी बसलेल्या असायच्या. टबात जुन्या सुती साडीच्या घडीवर एक पिवळं पोकलेन असायचं, खेळण्यापेक्षा बरंच मोठं आणि खऱ्या यंत्रापेक्षा फारच लहान. तेल गळून ऑटोची सीट खराब होऊ नये म्हणून तो टब. मामी उतरायच्या, ऑटोवाल्याला थांबायला सांगायच्या आणि मला म्हणायच्या, "बघ रे जरा. आज हात वर उचलत नाही."

मामी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. तमिळ मुलखातल्या आमच्या गावी, मराठ्यांच्या जुन्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत आमच्यासारखी मराठी बोलणारी जी घरं आहेत, त्यांतल्या एका घरात त्या राहायच्या. माझ्या आईची आणि त्यांची देवळातली ओळख. शेजारच्या तमिळ घरांतली मुलं वयाने मोठ्या बायकांना मामी म्हणायची, तसं आम्हीही म्हणायचो.

मी डिप्लोमा करून काही वर्षं त्रिचीच्या एका कारखान्यात काढली होती. मग देशात बाहेरची यंत्रं यायला लागली, रस्त्यांची आणि कालव्यांची कामं कंत्राटदारांकडे गेली. आमच्या लहानपणी ज्या कालव्यांचा गाळ माणसांच्या रांगा टोपल्यांनी काढायच्या, तिथे लोडर आणि पोकलेन दिसू लागली. ती बिघडली की मद्रासहून मेकॅनिक येईपर्यंत तशीच उभी राहायची. ते बघून मी नोकरी सोडली आणि नागपट्टणमच्या रस्त्याला एक शेड घेऊन हायड्रॉलिकची दुरुस्ती सुरू केली. काम भरपूर होतं. कंत्राटदार सकाळी दार उघडायच्या आधी येऊन बसायचे. संध्याकाळी घरी गेलो की बायको आधी गरम पाण्याची बादली पुढे करायची, मग बोलायची. अंगाचा तेलाचा वास तरीही जायचा नाही.

अशा त्या दिवसांत मामा पहिल्यांदा आले. मामा म्हणजे मामींचे यजमान. ते आखातात एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर होते. तिथे त्यांच्याबरोबर एक जर्मन गृहस्थ होता. सुट्टीच्या दिवशी तो घरातल्या छोट्या लेथवर अशी यंत्रं बनवायचा. रूप खेळण्याचं, पण आत सगळं खरं. बॅटरीवर चालणारा पंप, तेलाची टाकी, बोटाएवढे सिलिंडर, होजच्या जागी नायलॉनच्या बारीक नळ्या. हातातल्या रिमोटच्या दांड्या हलवल्या की खऱ्या पोकलेनसारखाच हात लांब व्हायचा, बकेट वळायची, माती उचलायची. मामा नोकरी संपवून परत यायला निघाले तेव्हा त्यांनी त्यातलं एक मागून घेतलं. मुलासाठी.

मुलगा तेव्हा विशीत होता. मामांसारखाच उंच, केस तेल लावून नीट विंचरलेले. बोलायचा फार थोडं, आणि बोलताना समोरच्याकडे बघायचा नाही. शाळा लहानपणीच सुटली होती. मामामामींनी त्याला मद्रासला, वेल्लूरला, कुठे कुठे दाखवलं होतं. त्यातून काय निघालं हे मी कधी विचारलं नाही. मामी "तो तसाच आहे" एवढंच म्हणायच्या. त्याच्याहून मोठी एक बहीण होती, ती लग्न होऊन मद्रासला गेलेली.

पोकलेन घरी आलं आणि त्याचा दिवस ठरून गेला. सकाळची कॉफी झाली की परसात जायचं. विहिरीपासून नारळाच्या झाडापर्यंत मामांनी वाळूचा एक पट्टा करून दिला होता, त्यात चर खणायचा. जेवायला आत यायचं. ऊन उतरलं की बाहेर जाऊन तोच चर बुजवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्याआधी तो दिवसभर दारापासून विहिरीपर्यंत येरझारा घालायचा, ताटातलं ताटात राहायचं, आणि कधी कधी स्वतःच्याच मनगटाला चावायचा, असं मामींनी मला नंतर एकदा सांगितलं. एकदाच.

सुरुवातीला मामा स्वतःच दुरुस्ती करायचे. मग त्यांची नजर अधू झाली, बारीक स्क्रू दिसेनात. म्हणून ते माझ्याकडे आले. यंत्र माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ज्याने हे बनवलं तो रविवारी तासभर चालवायचा आणि फडक्याने पुसून कपाटात ठेवायचा. आम्ही ह्याला नोकरीला लावलंय."

ते खरंच होतं. मी उघडून बघितलं तेव्हा कारागिराच्या हाताला मनात नमस्कार केला, आणि त्याच वेळी हेही कळलं, की हे असं फार दिवस चालणार नाही. कावेरीची वाळू दिसायला मऊ, पण तिचा कण कण धातू खातो. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यांवर ओरखडे पडले होते. ओरखडा पडला की तो आतलं रबरी सील कापत जातो, मग तेल झिरपतं, तेलाला वाळू चिकटते आणि ती पुन्हा आत जाते. हाताच्या सांध्यांतल्या पिना झिजून भोकं लांबट झाली होती, त्यामुळे बकेट डगडगायची. नायलॉनच्या नळ्या आमच्या उन्हात ताठ होऊन चिरायच्या.

जर्मनीहून भाग मागवायची सोय नव्हती. त्या गृहस्थाला मामांनी लिहिलं होतं, पण तोही आखात सोडून कुठेतरी गेला होता. मग मी इथेच शोधाशोध करू लागलो. पिनांच्या भोकांत पितळेच्या बुशा, आतून बसणाऱ्या छोट्या नळकांड्या, बसवल्या, म्हणजे झिजेल ती बुश झिजेल, हात वाचेल. सील मोठ्या दुकानात मापाची मिळेनात, ती मद्रासच्या एका गल्लीतून मिळाली. दांड्यांसाठी मात्र मी बरेच दिवस अडून होतो. एकदा बायकोच्या शिलाई मशीनमध्ये तेल घालत असताना सुई ज्या दांडीला बसते ती दांडी हाताला लागली. गुळगुळीत, कडक, आणि जवळजवळ त्याच जाडीची. दुसऱ्या दिवशी शिंप्यांच्या गल्लीत जाऊन मोडीत निघालेल्या मशीनच्या तशा दांड्या गोळा केल्या, लेथवर टोकांना आटे पाडले. त्या जर्मन दांड्यांपेक्षा जास्त टिकल्या. बाहेरून लोकरीच्या नमद्याची तेलात भिजवलेली चकती बसवली, ती वाळू पुसून काढायची. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे मान्य करायला हवं. दिवसभर लोडरच्या चिखलात हात घातल्यावर ही अशी वस्तू हातात घ्यायला बरं वाटायचं.

पण तो आनंद टिकला नाही. एक दुखणं बरं केलं की दुसरं उभं राहायचं. दांड्या झाल्या तर मोटरचे कार्बन गेले. कार्बन घातले तर रिमोटचा हुकूम घेऊन व्हॉल्व्ह हलवणाऱ्या छोट्या मोटरीचे दाते तुटले. त्यानंतर चाकांवरच्या साखळीपट्ट्याच्या कड्या. त्यातच मामा गेले. मधुमेह होता, पायाला जखम झाली, ती चिघळली. तेराव्याला जेवायला गेलो होतो तेव्हा परसातून पंपाचा बारीक आवाज येत होता. मुलगा चर खणत होता. आलेले लोक एकमेकांकडे बघत होते. मामी मला वाढायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "चालू आहे ते बरं आहे."

त्यानंतर निळा टब सुरू झाला.

यंत्र माझ्याकडे असेल तेवढे दिवस घरात काय होत असेल ते मला माहीत होतं, म्हणून मामी आल्या की हातातलं काम बाजूला ठेवावं लागे. बाहेर कंत्राटदाराचं लोडर बंद, त्याची माणसं बसून, आणि मी भिंग लावून केसाएवढी चीर शोधतोय. लोक चिडायचे. एक जण तर म्हणाला की सार, तुम्ही खेळण्यांचं दुकान काढा. बायको शाळेत शिकवायची, तिला माणसांची पारख होती. ती एकदा शांतपणे म्हणाली की तुम्ही मामींना नाही म्हणू शकत नाही, आणि हो म्हणून चिडता, त्यापेक्षा काहीतरी एक करा. तेही माझ्याच्याने झालं नाही.

यंत्र कमी झिजावं म्हणून आम्ही काय काय केलं. वाळूऐवजी भाताची तुसं टाकून बघितली. आमच्या भागात राइस मिलच्या मागे तुसाचे डोंगर असतात, ती फुकट मिळाली. मुलाने एक बकेट भरली, ती हलकी तुसं वाऱ्याने उडाली, आणि तो रिमोट खाली ठेवून आत निघून गेला. पुन्हा वाळू आणली. मग मामी दर आठवड्याला ती वाळू चाळायच्या, विहिरीच्या पाण्यात धुवायच्या, ओट्यावर वाळवायच्या, म्हणजे धारदार खडे आणि बारीक धूळ तरी निघून जाईल. मी एकदा गेलो तेव्हा त्या पदर खोचून चाळणी हलवत होत्या. साठीच्या पुढची बाई. शेजारीण कुंपणावरून बघत होती.

मग मला एक युक्ती सुचली. पंपाजवळ एक व्हॉल्व्ह असतो, दाब ठरावीक पातळीच्या वर गेला की तो तेल परत टाकीत सोडतो. त्याची स्प्रिंग थोडी ढिली केली की दाब कमी होतो, यंत्र सावकाश चालतं, सगळ्याच भागांवरचा ताण कमी होतो. मी मामींना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याला कळणार नाही ना?" मी म्हणालो की इतका बारीक फरक कळायचा नाही.

यंत्र घेऊन मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. त्याने रिमोट घेतला, हात लांब केला, बकेट वाळूत रोवली, उचलली. मग तसाच थांबला. बकेट हवेत. मी विहिरीच्या कट्ट्यावर बसलो होतो. तो माझ्याजवळ आला, रिमोट माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "हळू झालंय."

इतक्या वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला होता. मी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि तिथेच, त्याच्यासमोर, स्प्रिंग होती तशी केली.

शेवटी जे व्हायचं ते झालं. पंप गेला. त्या दिवशी ऑटोतून टब उतरला तो एकट्या मामींच्या हातात नव्हता. टबाची एक कडी मुलाने धरली होती, दुसरी मामींनी. तो टब सोडायलाच तयार नव्हता, म्हणून त्याला बरोबर आणावं लागलं, असं मामी म्हणाल्या. त्यांच्या मनगटावर ओरबाडल्याच्या खुणा होत्या.

मी पंप उघडला. आतले दोन छोटे गिअर आणि त्यांच्या भोवतीचं धातूचं घर, सगळं वाळूने घासून गेलेलं. बोट फिरवलं तर खाचा लागत होत्या. मी फार दमलो होतो. आदल्या दिवशी एका मोठ्या सिलिंडरखाली वाकून वाकून पाठ धरली होती. मी मामींना स्पष्ट सांगितलं की हे आता संपलं. बाकी सगळं बदलता आलं, हे नाही.

त्या बाकावर बसल्या. मला वाटलं रडतील. त्या रडल्या नाहीत.

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "मी देवापुढे हेच मागत असते. हे एकदाचं मोडू दे, कायमचं मोडू दे. वाळू चाळताना रोज मागते. मग सकाळ होते, तो उठतो, आणि मला वाटतं, नको रे देवा, आजचा दिवस चालू दे."

मी खाली बघून हात पुसत राहिलो. तेवढ्यात मामींनी माझ्या दंडाला हात लावला. मुलगा टेबलाजवळ उभा होता. मी काढून ठेवलेला पंप, गिअर, स्क्रू, नळ्या यांच्याकडे तो वाकून बघत होता. शांत होता. एका गिअरचा दाता त्याने बोटाने चाचपला, मग पंपाच्या घरातली खाच चाचपली, मग पुन्हा दाता.

तोवर आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात एक गोष्ट आली नव्हती. त्याच्या दृष्टीने यंत्र दर वेळी दारातून नाहीसं व्हायचं, आणि परत येईल की नाही हे त्याला कळायला काही मार्ग नव्हता. आता ते समोर होतं. तुकड्यांत होतं, पण होतं.

मामी मला म्हणाल्या, "उद्या आणू का याला?"

पुढचे काही आठवडे ते दोघं रोज सकाळी यायचे. मी टेबलाचं एक टोक त्याला मोकळं करून दिलं. तो पिना फडक्याने पुसायचा, बशीत लावून ठेवायचा, पुन्हा काढायचा. मामी खुर्चीवर बसून शेवग्याचा पाला निवडायच्या. सुरुवातीला कंत्राटदारांची माणसं टक लावून बघायची, मग त्यांना सवय झाली. चहावाला त्याच्यासाठी कॉफी आणू लागला. मोठ्या लोडरचा सिलिंडर मी उघडायचो तेव्हा तो येऊन जवळ उभा राहायचा. त्याला ते भाग ओळखू यायचे, हे त्याच्या बघण्यावरून दिसायचं. घरी जेवतो का, असं विचारलं तर मामी म्हणाल्या की जेवतो.

त्यामुळे मला उसंत मिळाली. घाई नव्हती, म्हणून डोकं चाललं. मी कुंभकोणमला दिवे आणि भांडी ओतणाऱ्या एका ओळखीच्याकडे गेलो. त्याला लाकडाचा नमुना दिला, त्याने काशाचा एक ठोकळा ओतून दिला. पहिला ठोकळा निघाला त्यात हवेचे फुगे होते, तो फेकावा लागला. दुसरा चांगला आला. त्यातून मी लेथवर पंपाचं घर कोरून काढलं, आणि गिअर एका जुन्या डिझेल इंजिनाच्या तेलपंपातून काढून मापाला घासले. माझ्या आयुष्यात मी केलेल्या कामांत ते काम सगळ्यात चांगलं. आता तसं करायला सांगितलं तर हात थरथरतील.

नवा पंप जुन्यासारखा वाजायचा नाही. जुना चिवचिवायचा, हा गुणगुणायचा. मला भीती होती. मुलाने वर्कशॉपमध्येच तो चालू करून कान जवळ नेला, बराच वेळ ऐकत राहिला. मग टबात साडीची घडी पसरली आणि यंत्र स्वतः उचलून आत ठेवलं.

तो पंप पुढे कधीच बिघडला नाही. बाकीचं झिजायचं ते झिजतच राहिलं, पण आता ठरावीक वारी दोघं येत, तो बसून पिनांना ग्रीस लावी, मी सील बदलायचो. आणीबाणी अशी उरली नाही. माझा थकवा मात्र गेला नाही. तो मुळात त्या यंत्राचा नव्हताच, हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं. मामींचाही गेला नाही. त्या येताना आता ऑटोतून उतरायला वेळ लावायच्या, गुडघ्यावर हात ठेवून.

मग एकदा विहिरीपाशी त्या घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मद्रासहून मुलगी आली. मद्रासला तोवर चेन्नई म्हणायला लागले होते. तिने घर बघितलं, परस बघितलं, चाळणी बघितली आणि आईला काही न विचारता सामान बांधायला घेतलं. तिचं फ्लॅटचं घर, दुसरा मजला. माती कुठे, वाळू कुठे. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली की गच्चीवर वाळू टाकू देणार नाहीत, तुम्ही काही सुचवा. मी लोखंडी पत्र्याचा एक मोठा ट्रे करून दिला, चारही बाजूंना काठ, खाली रबर, बाल्कनीत मावेल एवढा. बरोबर सील, बुशा, नळ्या यांचा डबा दिला. मुलगा ट्रकजवळ उभा होता. सगळं चढवेपर्यंत हलला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही, पण तो कुणाकडेच बघायचा नाही.

ते गेले आणि मी रोज फोनची वाट बघत होतो. काय तुटलं, काय गळतंय, मी चेन्नईला कधी येतोय, असं विचारणारा फोन. तो आला नाही. शेवटी मीच एसटीडी बूथवरून लावला. मुलीने उचलला आणि आईकडे दिला.

मी यंत्राबद्दल विचारलं. मामी म्हणाल्या की ते बाल्कनीत आहे, ट्रेमध्ये. त्याने अजून एकदाही चालू केलेलं नाही. मी विचारलं की मग तो दिवसभर करतो काय.

"समोर मोठी इमारत होतेय," त्या म्हणाल्या. "पाया खणायला खरं पोकलेन आलंय. सकाळी कॉफी घेऊन खिडकीत बसतो तो. ते जेवायला थांबले की हा जेवायला येतो."

"आणि पाया झाला की?"

"बघू. मुलगी म्हणते पलीकडच्या प्लॉटवर दुसरी होणार आहे. इकडे काय, सगळीकडे खणतायत." मग म्हणाल्या, "मी दुपारची झोपते रे आता."

मी फोन ठेवला. इतक्या लवकर ठेवलेला बघून बूथवाल्याने विचारलं, सार, लाइन कट झाली का? मी नाही म्हणालो आणि बाहेर आलो. वर्कशॉपच्या दारात एका लोडरचा सिलिंडर उतरवून ठेवलेला होता, त्याच्या खाली तेलाचं थारोळं साचलं होतं. मी लाकडाच्या भुशाची पिशवी आणली, त्यावर भुसा टाकला आणि कामाला लागलो.